सोंगटी आणि प्रतिमा : अद्भुतरम्य युद्धखेळांतील रंगकाम व स्पर्धा

इंग्लंड, अमेरिका व युरोपातील इतर देश येथे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक खेळ विशेष वाढीस लागला आहे. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा मेजाच्या दोन बाजूंस दोन खेळाडू उभे राहतात. प्रत्येकाजवळ इंच-सव्वा इंच उंचीच्या, धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या लघुप्रतिमांची एक सेना असते. या सेना इतिहासातील नसतात. बुटके, राक्षस, पिशाच्चे, मायावी व पंख असलेले महासर्प यांचा त्यांत भरणा असतो. पलटण किती पुढे सरकली हे मोजपट्टीने मोजतात. आघात लागला की चुकला हे फासे टाकून ठरवितात. प्रतिमा बाजारातून कोऱ्या व बहुधा सुट्या भागांत विकत आणावयाच्या, त्या जोडावयाच्या, रंगवावयाच्या आणि मग स्पर्धेस न्यावयाच्या, अशी या खेळाची रीत आहे. एका सेनेच्या रंगकामात कित्येक महिने सहज जातात.

अशा स्पर्धेत खेळाडूची पारख दोन अंगांनी होते. त्याने किती सामने जिंकले हे एक, आणि त्याने सेना कशी रंगविली हे दुसरे. पहिल्या गोष्टीचा दुसरीशी वरकरणी काहीच संबंध दिसत नाही. रंग चांगला लागला म्हणून फाशावर सहा पडत नाहीत. असे असता या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या, त्यांच्यात कोणता विरोध आहे आणि तो कसा मिटविण्याचे प्रयत्न झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन शब्दांचा अर्थ येथे निश्चित केला पाहिजे. जिचे सारे मोल खेळाच्या नियमांत आहे, तिला ‘सोंगटी’ म्हणू. बुद्धिबळातील एखादे प्यादे हरवले तर त्याच्या जागी सुपारी ठेवून डाव पुढे चालविता येतो. कारण प्यादे ही सोंगटी आहे. जिचे मोल तिच्या रूपातही आहे, तिला ‘प्रतिमा’ म्हणू. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मातीचे रंगीत मावळे मांडतात; त्या मावळ्यांना रूप आहे, पण चाल नाही आणि हारजीतही नाही. युद्धखेळातील लघुप्रतिमा एकाच वेळी सोंगटी व प्रतिमा असते. या द्विविध स्वरूपाचा इतिहास म्हणजेच या खेळाचा इतिहास होय, असे म्हणावयास हरकत नाही.

१. दोन स्वतंत्र प्रवाह

बुद्धिबळाचा उगम भारतातील चतुरंगात आहे, हे मत बहुतेक विद्वानांस मान्य आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्या खेळास नाव मिळाले. पुढे हा खेळ पश्चिमेकडे गेला तसतसे मोहऱ्यांचे सैनिकी रूप क्षीण झाले व नियम तेवढे टिकले. बुद्धिबळाला पुन्हा प्रत्यक्ष युद्धाच्या जवळ नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न जर्मनीत झाला. ब्रन्सविक येथील गणितज्ञ योहान हेल्विग याने १७८० साली बुद्धिबळावर आधारलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटाला दीड हजारांहून अधिक घरे होती, आणि डोंगर, दलदल, पाणी अशा भूप्रकारांनुसार ती निरनिराळ्या रंगांची केलेली होती. येथे रंग होता. परंतु तो केवळ खूण म्हणून होता.

प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी हा खेळ घरांच्या पटावरून मोकळ्या भूमीवर आणला. पित्याने १८१२ साली राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यास एक मेज सादर केले. त्यावर प्लास्टरचे उंचसखल तुकडे मांडून हवा तसा प्रदेश तयार करता येई. पुत्राने १८२४ साली जे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले, त्यांत नकाशा, फासे, मोजमापाचे प्रमाण आणि दोन्ही पक्षांवर देखरेख करणारा पंच या सर्व गोष्टी होत्या. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी हे सैनिकी शिक्षणाचे साधन म्हणून उचलून धरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या खेळातील पलटणी म्हणजे लाल व निळ्या रंगांचे छोटे ठोकळे होते. अधिकाऱ्यांना सैनिकाचा चेहरा पाहावयाचा नव्हता. पलटणीने किती जागा व्यापली, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. युद्धखेळाचा जन्म अशा रीतीने सोंगटीच्या पोटी झाला.

त्याच काळी त्याच देशात दुसरा एक प्रवाह वाहत होता. न्युरेंबर्ग नगरात हिल्पर्ट घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे चपटे शिपाई ओतण्याचा धंदा नावारूपास आणला. १८३९ साली सुरू झालेल्या हाइन्रिक्सन यांच्या कारखान्याने पुढे सुमारे तीस मिलिमीटर उंचीचे प्रमाण रूढ केले. हे शिपाई जाडीने पत्र्याएवढेच असत. त्यांच्या अंगावर खरी सावली पडण्यास वाव नसे. म्हणून घडी, चुणी, गालाचा उठाव हे सारे कुंचल्यानेच दाखवावे लागे. आजचा खेळाडू भरीव प्रतिमेवरही छाया व उजेड रंगाने काढतो, त्या कलेचे एक मूळ येथे आहे. परंतु न्युरेंबर्गच्या शिपायांस नियम नव्हते. ते खेळण्यासाठी, मांडण्यासाठी व संग्रहासाठी होते.

२. प्रवाहांचा संगम

हे दोन प्रवाह इंग्रजांच्या हातून एकत्र आले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर १८८१-८२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील दावोस येथे खेळण्यातील शिपायांची सविस्तर युद्धे खेळत असे. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधील पेढीने पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. साच्यात ओतलेला रस बाहेरून थिजला की आतला रस परत ओतून घ्यावयाचा. म्हणजे धातू कमी लागे आणि शिपाई स्वस्त पडे. या स्वस्त शिपायांवर एच. जी. वेल्सने आपला खेळ उभारला. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात फासे नाहीत. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी सोडावयाची आणि जो शिपाई प्रत्यक्ष पडेल तो मेला, असा हिशेब आहे. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती अशा छोट्या युद्धात भागवून घ्यावी, हा त्या पुस्तकाच्या शेवटचा युक्तिवाद आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

वेल्सचे शिपाई कारखान्यातून रंगूनच येत. खेळाडू रंगारी झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रूबी याने १९५७ साली ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक सुरू केले. तो स्वतः प्रतिमाही ओतीत असे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली निघाले. या मंडळींचे शिपाई लहान व कोरे असत. ज्या पलटणीचा गणवेश हवा तो इतिहासाच्या पुस्तकांतून शोधून तसा रंगवावा लागे. गुंडी कोणत्या धातूची, गळपट्टी कोणत्या रंगाची, यांवर वाद होत. त्या वादांचा निर्णय होऊ शके. कारण बाहेर एक प्रमाण होते. जुनी चित्रे, सैनिकी आज्ञापत्रे व संग्रहालयांतील वस्त्रे हे ते प्रमाण होय.

३. अद्भुताचा प्रवेश

फेदरस्टोनच्या वर्तुळातील टोनी बाथ हा प्राचीन युद्धांचा अभ्यासक होता. १९६५ साली त्याने ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था स्थापन केली. त्याने आपल्या प्राचीन सेनांसाठी रॉबर्ट हॉवर्ड या अमेरिकन कथाकाराच्या काल्पनिक ‘हायबोरिया’ खंडाचा आधार घेतला, आणि त्या खंडातील राज्ये मित्रांना वाटून देऊन वर्षानुवर्षे चालणारी मोहीम रचली. त्यातील भूगोल कल्पित होता. सैनिक मात्र इतिहासातीलच होते.

१९५४-५५ साली प्रसिद्ध झालेली टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९६५ नंतर अमेरिकेत स्वस्त आवृत्त्यांतून घरोघर पोचली आणि पुढची पायरी ओलांडली गेली. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाच्या १९७१ च्या पुस्तकास अद्भुत प्राण्यांची एक पुरवणी जोडलेली होती. बाजारात तशा प्रतिमा तेव्हा फारशा मिळत नसत. म्हणून खेळण्यातील डायनॉसॉर कापूनजोडून त्यांचे महासर्प करावे लागत. १९७४ साली गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ काढला. त्यात खेळाडू सेना न चालविता एकाच वीराचे सोंग घेतो. त्या खेळाबरोबर अद्भुत प्रतिमांची मागणी वाढली.

इंग्लंडमध्ये १९७५ साली ‘गेम्स वर्कशॉप’ ही पेढी निघाली, आणि १९७८ साली तिच्या साहाय्याने ब्रायन अँसेल याने न्यूअर्क येथे ‘सिटाडेल’ हा प्रतिमांचा कारखाना काढला. भूमिका-खेळास चार-सहा प्रतिमा पुरत. सेना उभारावयाची तर शेकडो लागत. हा व्यापारी हिशेब स्पष्ट होता. १९८३ साली अँसेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली यांनी ‘वॉरहॅमर’ हा खेळ प्रसिद्ध केला. १९८७ साली त्याच्या जोडीला दूर भविष्यकाळात घडणारा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ आला.

अद्भुताच्या प्रवेशाने केवळ प्रतिमांचे आकार बदलले असे नव्हे. आतापर्यंत रंगकाम व नियम या दोहोंस इतिहासाचे प्रमाण होते. नेपोलियनच्या रक्षकदलाचा अंगरखा निळाच असावयास हवा, आणि त्याची बंदूक अमुक पावलांपलीकडे निकामी ठरावयास हवी, असे म्हणता येई. राक्षसाच्या कातडीचा रंग कोणता आणि मायावीच्या शापाचा पल्ला किती, यास मात्र कोणते आज्ञापत्र आहे? कारखाना आपल्या पुस्तकांतून एक रूढी घालून देई. पण ती पाळण्याचे बंधन नसे. परिणामी रंगारी हा प्रतिलिपिकार न राहता कर्ता झाला. नियमांचीही तीच गत झाली. ते खरे आहेत की नाहीत हे ठरविता येईना, तेव्हा ते समतोल आहेत की नाहीत एवढाच प्रश्न उरला. समतोलाची कसोटी पाहावयाची तर स्पर्धेसारखे दुसरे ठिकाण नाही.

४. स्पर्धेचे गणित

स्पर्धेची पहिली गरज म्हणजे तुलनीय सेना. त्यासाठी प्रत्येक सैनिकास अंकांत किंमत ठरवून देण्याची पद्धत ऐतिहासिक युद्धखेळांतून आली. भाल्याच्या पलटणीस इतके अंक, घोडेस्वारांस इतके, महासर्पास इतके. आणि दोन्ही बाजूंची बेरीज, उदाहरणार्थ, दोन हजार. दुसरी गरज म्हणजे थोड्या फेऱ्यांत पुष्कळ खेळाडूंची प्रतवारी लावणे. ती ‘स्विस’ पद्धतीने भागली. झुरिक येथे १८९५ साली बुद्धिबळाच्या स्पर्धेत प्रथम वापरलेल्या या पद्धतीत कोणीही बाद होत नाही; प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी गाठ घेतात. चतुरंगाच्या वंशजाने आपल्या दूरच्या आप्ताचे ऋण अशा रीतीने पुन्हा एकदा घेतले.

या दोन साधनांनी स्पर्धा शक्य झाली. पण त्यांचा ओढा सोंगटीकडे होता. जो केवळ जिंकण्यास येतो तो दोन हजार अंकांत सर्वांत जास्त मारक शक्ती कोणत्या जुळणीत मिळते याचा हिशेब करतो. तीच ती प्रभावी पलटण तीन-चार वेळा घेतलेली सेना कथेच्या दृष्टीने असंभाव्य असली, तरी नियमांच्या दृष्टीने निर्दोष असते. अशा खेळाडूस रंगकाम म्हणजे वेळेचा अपव्यय वाटणे स्वाभाविक आहे.

संयोजकांनी यावर जो उपाय योजला तो उल्लेखनीय आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस व चालू शतकाच्या आरंभी अनेक स्पर्धांत, विशेषतः अमेरिकेत, अंतिम क्रम चार घटकांच्या बेरजेने लागे : सामन्यांतील यश, रंगकाम, सेनेच्या रचनेतील औचित्य आणि खिलाडूवृत्ती. सर्वाधिक सामने जिंकणाऱ्यास निराळे पारितोषिक असे. सर्वोच्च मान मात्र चारही अंगांनी पुढे असणाऱ्यास मिळे. या बेरजेवर आक्षेप आले, आणि ते निराधार नव्हते. खिलाडूवृत्तीचे गुण प्रतिस्पर्ध्याने द्यावयाचे असत. हरलेला मनुष्य हात आखडता घेई. रचनेचे औचित्य हे परीक्षकाच्या अभिरुचीवर अवलंबून राही. रंगकामाच्या बाबतीत तर नैतिक प्रश्नच उभा राही. पैसे देऊन दुसऱ्याकडून सेना रंगवून घेणारे खेळाडू होते. त्या गुणांचा धनी कोण, मालक की कारागीर? म्हणून पुष्कळ ठिकाणी असा भेद केला जाई की, सेना रंगविलेली असणे एवढ्याचे गुण कोणासही मिळावेत, परंतु उत्कृष्ट रंगकामाचे पारितोषिक ज्याने स्वतः कुंचला धरला त्यालाच मिळावे.

कालांतराने बहुतेक ठिकाणी रचना व खिलाडूवृत्ती यांचे गुण मुख्य बेरजेतून मागे पडले. रंगकाम मात्र किमान अटीच्या रूपाने टिकले. ‘प्रत्येक प्रतिमेवर निदान तीन रंग आणि पायथ्याची सजावट’ हा जुना दंडक सर्वपरिचित आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या २०२० सालच्या नवव्या आवृत्तीने तर शंभरांपैकी दहा गुण पूर्ण रंगविलेल्या सेनेसाठी राखून ठेवले. ज्या गोष्टीचा फाशाशी संबंध नाही तिला सामन्याच्याच गुणपत्रकात स्थान मिळाले. सोंगटीच्या राज्यात प्रतिमेस मिळालेली ही सनद होय.

केवळ रंगकामाच्या स्पर्धा अर्थातच स्वतंत्रपणे चालत. गेम्स वर्कशॉपने १९८७ साली सुरू केलेली ‘गोल्डन डीमन’ ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून तिच्या सर्वश्रेष्ठ विजेत्यास खरीखुरी तलवार देण्यात येते. तेथे एकेका प्रतिमेवर कित्येक आठवडे खर्चलेले असतात. सामन्यांसाठी येणारा रंगारी निराळा. त्याची अडचण संख्येची असते.

५. सेना रंगविण्याची रीत

इंचभर उंचीच्या प्रतिमेवर खोलीतला दिवा पुरेशी सावली पाडीत नाही. तिला एकच सपाट रंग दिला तर तीन फुटांवरून ती निर्जीव ढेकळासारखी दिसते. म्हणून छाया खोल करावयाची व उजेड वाढवावयाचा, हे या कलेचे मूलतत्त्व आहे. प्रथम काळ्या, पांढऱ्या किंवा करड्या रंगाचे अस्तर देतात. त्यावर मूळ रंगाचे पातळ हात चढवितात; जाड हात दिला तर डोळे, बोटे, साखळ्या बुजून जातात. मग अतिशय पातळ गडद रंग सर्वांगावर सोडतात. तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावली तयार होते. चिलखताच्या कड्यांवर याचा गुण विशेष दिसतो. शेवटी कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकून तो कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवितात, अथवा बारीक टोकाने कडा उजळतात.

शंभर प्रतिमा अशा रीतीने एकेक करून रंगविणारा बहुधा अर्ध्यावर कंटाळतो. अनुभवी मनुष्य वीस प्रतिमांची पलटण ओळीने मांडतो आणि आधी विसांचे अंगरखे, मग विसांचे पट्टे, मग विसांची आयुधे, असे काम करतो. सारा तपशील तो नायक, निशाणे व पुढची रांग यांसाठी राखून ठेवतो. मागच्या रांगा मेजावर कोणास नीट दिसत नाहीत. सबंध सेनेत एखादा रंग पुनःपुन्हा आणला आणि सर्वांचे पायथे एकाच मातीचे केले, म्हणजे विविध प्राण्यांचा तो जमाव एक सेना दिसू लागतो. १९८० नंतरच्या दशकात तैलमिश्रित एनॅमलची जागा पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांनी घेतली, आणि २०१९ साली एकाच हातात रंग व सावली दोन्ही देणारे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग बाजारात आले. श्रम त्यामुळे पुष्कळ हलके झाले. पण ते संपले नाहीत. स्पर्धेच्या आदल्या रात्री ओला रंग वाळवीत बसणे हा या खेळातील सार्वत्रिक अनुभव आहे.

६. नियम गेले, सेना राहिल्या

या साऱ्या श्रमांचा अर्थ काय, याची कसोटी २०१५ साली लागली. त्या वर्षी गेम्स वर्कशॉपने बत्तीस वर्षे चाललेला मूळ ‘वॉरहॅमर’ बंद केला. त्यातील जग कथेच्या ओघात नष्ट झाल्याचे दाखविण्यात आले आणि त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आला. त्याचे मूळ नियम चारच पानांचे होते. पलटणींच्या चौकोनी रांगा गेल्या, प्रतिमांखालचे चौकोनी पायथे जाऊन गोल आले. आणि सैनिकांच्या किमतीचे अंकही गेले. जुन्या सेनांसाठी जे तात्पुरते नियम दिले, त्यांपैकी काहींत तर खेळाडूच्या मिशा प्रतिस्पर्ध्याहून अधिक भरदार असल्यास लाभ मिळावा, असली थट्टा होती.

अंकांवाचून स्पर्धा भरविता येईना. खेळाडूंनी आपापले अंक रचले, आणि २०१६ साली पेढीने स्पर्धा-संयोजकांच्या अनुभवाचा उपयोग करून स्वतःचे अंक प्रसिद्ध केले. दुसरीकडे, ज्यांच्याजवळ चौकोनी पायथ्यांवर उभ्या असलेल्या रंगीत सेना होत्या त्यांपैकी अनेकांनी नव्या खेळाकडे पाठ फिरविली. कोणी ‘मॅन्टिक’ या दुसऱ्या पेढीचा ‘किंग्ज ऑफ वॉर’ हा खेळ आपल्या जुन्या सेनांनी खेळू लागले. कोणी एकत्र येऊन ‘द नाइन्थ एज’ नावाचे नियम स्वतः लिहिले. त्यांच्या स्पर्धा पुष्कळ देशांत भरल्या. कोणी जुन्याच आवृत्त्यांस चिकटून राहिले. अखेरीस जानेवारी २०२४ मध्ये खुद्द गेम्स वर्कशॉपने ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने चौकोनी पायथ्यांचा खेळ पुन्हा बाजारात आणला.

या घटनांचा अर्थ व्यापाराच्या भाषेत लावता येईल, आणि तो चूक ठरणार नाही. परंतु तेवढ्याने एक गोष्ट उलगडत नाही. सेना जर केवळ सोंगट्यांच्या असत्या, तर नियम रद्द होताच त्या निरुपयोगी ठरावयास हव्या होत्या. बंद पडलेल्या राज्याच्या नाण्यांसारख्या. तसे झाले नाही. नियम पेढीचे होते, प्रतिमांचे आकार पेढीचे होते, जगाची कथाही पेढीचीच होती. रंग मात्र खेळाडूंचा होता. ज्या सेनेवर आपल्या आयुष्यातील शेकडो संध्याकाळी खर्च झाल्या ती पेटीत बंद करून ठेवण्यास लोक तयार झाले नाहीत. त्यांनी सेनांसाठी नियम शोधले किंवा रचले.

तात्पर्य

राइसवित्झच्या ठोकळ्यांपासून आजच्या स्पर्धांपर्यंतच्या या प्रवासात नियम व रूप यांचा झगडा सतत दिसतो. स्पर्धेस न्याय हवा असतो, आणि न्यायास अंक हवे असतात. म्हणून स्पर्धा प्रतिमेस सोंगटी करू पाहते. रंगकाम तिला पुन्हा प्रतिमा करते. संयोजकांनी या दोहोंचा मेळ गुणपत्रकात घालण्याचे जे प्रयत्न केले ते अपुरे होते; कारण कलेचे माप अंकांत पुरते बसत नाही. तरीही रंगाची किमान अट त्यांनी सोडली नाही, हे योग्यच झाले. ती अट सुटली असती तर हा खेळ अधिक न्याय्य झालाही असता. परंतु २०१५ साली तो जगविण्याची गरज किती जणांस वाटली असती, याची शंका आहे.